सगळे गप्प झाले की

१

"आज रक्त द्यायचा मान कोणाचा?" डॉक्टरबाईंनी दारातूनच विचारलं आणि लंबू टेबलाखाली शिरला.

आता लंबू म्हणजे दारातून वाकून येणारा गडी. टेबलाखाली मावणार किती? गुडघे बाहेर, कोपरं बाहेर, आणि टेबलावरच्या काचेच्या नळ्या नुसत्या किणकिणतायत. "लंबू आज आलेला नाही," तो खालूनच म्हणाला.

"आलाय हो बाई! बूट आलेत, पाय आलेत, जीव तेवढा घरी विसरलाय," रेडिओ ओरडली.

रेडिओ म्हणजे लॅबमधली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात बडबडी मुलगी. खरं नाव वेगळंच आहे, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागतं. लहानपणी दादाने तिला 'रेडिओ' म्हणायला सुरुवात केली, कारण ही उठल्या उठल्या चालू व्हायची ती झोपेपर्यंत. झोपेतही मधूनमधून बातम्या. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने हे स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. पोटात काही ठेवायचं म्हटलं की हिच्या पोटात दुखतं.

लॅब होती मनोरुग्णांच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत. काम एकच. स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला नाही ते आवाज ऐकू येतात, नाही त्या गोष्टी खऱ्या वाटतात. तर ह्या आजाराच्या मुळाशी एखादा विषाणू तर नाही? डॉक्टरबाईंना एका विषाणूचा दाट संशय होता. तो शिरतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो, म्हणून लॅबने त्याचं नाव ठेवलं होतं पाहुणा.

तपासायची पद्धतही सोपी. प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये ओळीने चिमुकले खळगे. खळग्यात रक्ताचा थेंब, वर बाईंचं रसायन. अंगात पाहुणा असला की खळगा पिवळा धम्मक. नसला की पाण्यासारखा. प्लेटच्या कोपऱ्यातल्या खळग्यात मात्र निरोगी माणसाचं रक्त. मशीन त्याला शून्य धरायचं आणि बाकीच्यांना त्याच्याशी जोखायचं. हे शून्य बाजारात मिळत नव्हतं, म्हणून लॅबवाले पाळीपाळीने आपलाच दंड पुढे करायचे. नियम एकच: ज्याच्या घरात रुग्ण आहे त्याचं रक्त शून्याला चालणार नाही. रेडिओचा दादा समोरच्याच वॉर्डात होता. त्यामुळे रेडिओने फक्त सुई टोचायची, देणारे दुसरे.

"यार रेडिओ," बाई आत गेल्यावर लंबू खालून कुजबुजला, "मी पडेन. मागच्या वेळी पडलो तेव्हा खुर्ची मोडली होती."

"खुर्ची नाही, स्टूल."

"तुझंच काढ ना. माझं नाव चिकटव. कोणाला कळतंय?"

खरं म्हणजे तिने नाहीच म्हणायला हवं होतं. पण लंबूचा चेहरा खडूसारखा पांढरा पडलेला, घड्याळ पुढे पळतंय, प्लेट तयार. आणि एका नळीने काय होतंय? तिने दातात रबरी पट्टा धरून स्वतःच्या दंडाला बांधला, बोलता बोलताच नळी भरली आणि वर लंबूचं नाव चिकटवलं. लंबू बाहेर आला, दंडाला खोटा कापूस लावून विव्हळला. सगळे हसले. डॉक्टरबाई बाहेर येऊन हसत म्हणाल्या, "शूर माणूस आहे हो आमचा, आता ह्याला..."

आणि थांबल्या. उजव्या हाताचं बोट हळूच वर गेलं. मान थोडी डावीकडे कलली. जसं पलीकडच्या खोलीतून कोणी हाक मारली असावी.

क्षणभर. मग बोट खाली. "हं, काय म्हणत होते मी?"

कोणाच्या काही लक्षातही आलं नाही. रेडिओचा हात मात्र नळीवर तसाच राहिला. ते बोट तिच्या ओळखीचं होतं.

२

ते बोट दादाचं होतं.

दादा कॉलेजात असताना सुरू झालं, आणि रेडिओ तेव्हा दुधाचे दात पाडत होती. जेवताना, अभ्यास करताना, जिन्यात, कुठेही दादाचं बोट वर जायचं, मान डावीकडे कलायची. "काय ऐकू येतं रे?" आईने पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "कोणीतरी घसा खाकरतंय. भाषणाआधी खाकरतात ना, तसं."

"मग? बोलतो काय?"

"बोलत नाही. बोलणार आहे."

एवढंच. ना शिव्या, ना धमक्या. नुसता खाकरायचा आणि थांबायचा. पण दादाचं शिक्षण गेलं, झोप गेली, मित्र गेले. घरात मग एक रीतच पडली. दादाचं बोट वर गेलं की सगळ्यांनी गप्प बसायचं. टीव्हीचा आवाज बंद, नळ बंद, आईच्या हातातला डाव हवेतच. त्याला त्याचा वेळ द्या, असं जुने डॉक्टर म्हणाले होते, आणि आईने ते अक्षरशः पाळलं. एका रेडिओला काही ते जमलं नाही. ती टेबलाखाली बसून हत्तीची गोष्ट सांगत राहायची. हत्ती न्हाव्याकडे जातो, ही तिने स्वतः रचलेली गोष्ट. शेवट तिला कधी सुचलाच नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं चालू होती.

आता मात्र दिवस पालटले होते. डॉक्टरबाईंनी पाहुण्यावरचं नवं औषध सुरू केलं, आणि ते घेणारा पहिला माणूस दादा. काही महिन्यांत बोट वर जायचं थांबलं. दादा हसायला लागला, नर्सताईंची नक्कल करायला लागला, पत्ते खेळताना चक्क फसवायला लागला. आई देवाला नाही, डॉक्टरबाईंनाच हात जोडायची. येत्या रविवारी तो जेवायला घरी येणार होता. सगळं ठीक झालं तर कायमचाच.

त्या संध्याकाळी रेडिओ वॉर्डात गेली. दादाने पत्ते वाटले, स्वतःकडे दोन जास्त.

"दादा, आज गंमत झाली. बाईंनी तुझं बोट केलं!" तिने नक्कल करून दाखवली.

दादाचं हसू होतं तिथेच राहिलं. फक्त मागून कोणीतरी दिवा काढून नेल्यासारखं झालं.

"मान कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. अरे, जांभई नाही का लागत एकाची दुसऱ्याला? माझ्याकडूनच लागली असेल. मी तुझी नक्कल करते ना सारखी."

"असेल," दादा म्हणाला. मग पत्त्यांकडे बघत राहिला. "रेडिओ, तू बोलत जा. लॅबमध्ये पण. काहीही बोल, पण बोलत जा."

"मला हे सांगणारा तू जगातला पहिला माणूस," ती म्हणाली, आणि दोघं इतक्या जोरात हसली की नर्सताईंनी डोळे वटारले.

३

शेवटच्या प्लेटचा निकाल आला आणि लॅबच्या मेहनतीवर पाणी पडलं.

रुग्ण आणि शून्य ह्यांच्यात फरकच नाही. मशीन सगळ्यांपुढे एकच शब्द छापत होतं: नाही, नाही, नाही. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "संपलं म्हणायचं. सोमवारी हॉस्पिटलच्या समितीपुढे सांगून टाकू. अभ्यास बंद." मग रेडिओकडे बघून हळू आवाजात, "औषधही थांबवावं लागेल गं. कारणच नाही सापडलं तर द्यायचं कशाच्या नावावर?"

रेडिओ सिंकपाशी जाऊन उभी राहिली. आपण नळ सोडलाय हेही तिला कळलं नाही. औषध थांबलं की दादाचं बोट परत वर. आईचा डाव परत हवेत. तिच्या डोळ्यापुढे ते स्वयंपाकघर जसंच्या तसं आलं, नळ थबकलेला, टीव्ही मुका.

मग तिने धुवायला ठेवलेली प्लेट उचलली. सहज खिडकीपाशी धरली.

सगळे खळगे पिवळे. रुग्णांचे पिवळे, ठीक. कोपऱ्यातला, शून्याचा? तोही पिवळा धम्मक. मशीनला बिचाऱ्याला काय कळणार! त्याने पिवळ्यालाच शून्य धरलं आणि बाकीचे पिवळे बघून 'नाही' छापत बसलं. प्लेट डोळ्यांनी बघायची सवय कोणाला राहिलीय?

आणि ते शून्य कोणाचं? नाव लंबूचं. रक्त रेडिओचं.

ती आधी नाचली. खोटं नाही, मॉपची काठी हातात घेऊन लॅबभर नाचली. म्हणजे पाहुणा आहे! बाई बरोबर होत्या! फरक आहे, फक्त शून्य चुकलं होतं. दादाचं औषध चालू राहणार! रागावतील बाई, रागावू देत. एक स्वच्छ रक्त घ्यायचं, प्लेट परत लावायची, झालं.

दुसरी फेरी मारताना तिचे पाय थांबले. शून्य पिवळं म्हणजे पाहुणा तिच्या अंगात आहे. हे जरा उशिराच लक्षात आलं.

"ठीक आहे," ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या लॅबमध्ये स्वतःशीच. "एका घरात वाढलोय आम्ही. एकाचा सर्दी-खोकला दुसऱ्याला होतोच. मला कुठे काय ऐकू येतंय?"

नळ अजून वाहत होता. तिने तो बंद केला. आणि लगेच परत सोडला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

४

शनिवारी सुट्टीच होती. ती आली आणि स्वच्छ रक्त शोधायला बसली.

फ्रीजमध्ये गेल्या काही आठवड्यांच्या नळ्या होत्याच. डॉक्टरबाईंची, हिशेब बघणाऱ्या काकांची, सफाईच्या मावशींची, बाकी मुलामुलींची. प्रत्येकाचा एक थेंब. खालच्या मोठ्या फ्रीझरमध्ये ह्याच सगळ्यांच्या गेल्या वर्षीच्या नळ्याही होत्या. त्याही तिने लावल्या. आणि सगळ्यात शेवटी, उगीच, हौस म्हणून, दादाचा परवाचा नमुना.

रंग चढायला वेळ लागतो. तोवर ती गाणी म्हणत बसली. मग प्लेट खिडकीपाशी नेली.

गेल्या वर्षीची ओळ पाण्यासारखी. ह्या वर्षीची ओळ पिवळी. बाई पिवळ्या, काका पिवळे, मावशी पिवळ्या. अख्खी ओळ कशी सूर्यफुलाच्या शेतासारखी प्रसन्न! ह्या वर्षीच्या रक्तात एकच खळगा स्वच्छ होता. दादाचा.

लॅबमधल्या लॅबमध्ये पसरला असेल, तिने स्वतःला समजावलं. आपण हातमोजे घालतो, पण चहा तर एकत्र पितो. रसायनच बिघडलं असेल. पण मग गेल्या वर्षीची ओळ का नाही बिघडली? दादाची का नाही?

डॉक्टरबाई केबिनमध्ये होत्या. सोमवारच्या भाषणाची तयारी चालली होती. रेडिओ आत घुसली आणि एका दमात सगळं ओकून टाकलं: लंबूची सुई, आपली नळी, पिवळं शून्य, सूर्यफुलाचं शेत.

बाई रागावल्या नाहीत. उलट चेहरा असा खुलला! "म्हणजे आहे! अगं बाई, म्हणजे मी वेडी नाही! थांब, आत्ताच्या आत्ता समितीला फोन..."

बोट वर. मान डावीकडे.

रेडिओ थांबली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत होतं, तीही थांबली.

बोट खाली. बाई प्रसन्न हसल्या. "हं, काय म्हणत होतीस? उद्या दादा येणार ना घरी?"

"बाई, मी आत्ता सांगितलं ना, शून्य..."

"शून्य काय?"

तिने परत सांगितलं. बाई परत खुलल्या. बोट परत वर गेलं. ह्या वेळी जरा जास्तच वेळ. "हं, काय म्हणत होतीस?"

तिसऱ्यांदा सांगताना रेडिओला हसूच यायला लागलं. विनोदी नाटकात नोकर मालकाला एकच निरोप चार वेळा देतो ना, तसं चाललं होतं. चौथ्यांदा मात्र तिने सांगितलं नाही. प्लेट छातीशी धरून ती बाहेर आली. ट्रॉलीवाला माणूस कॉरिडॉरमध्ये तसाच उभा होता, एक हात दांड्यावर, दुसऱ्याचं बोट वर. त्याने तिला बघितलं, गोड हसला आणि ट्रॉली ढकलत निघून गेला.

५

रविवारी घर कसं फुलून गेलं होतं. आईने दादाच्या आवडीचं सगळं केलं, टेबलावर जागा उरली नाही म्हणून भाजीचं पातेलं खिडकीत ठेवलं. लंबूलाही बोलावलं होतं. तो दारात आदळला, मग दिव्यावर आदळला, मग दादाशी त्याची अशी काही गट्टी जमली की दोघांनी मिळून रेडिओची नुसती पिसं काढली.

"ही लहानपणी कशी होती?" लंबू.

"अशीच. फक्त आवाज लहान नव्हता," दादा.

"आई, बघ गं ह्यांना!"

"बरोबरच बोलतायत," आई म्हणाली आणि दादाच्या पानात वाढता वाढता थबकली. डाव हवेत. बोट वर.

लंबूचंही वर. घास तोंडात, चावणं थांबलेलं.

दादाने आईकडे बघितलं. लंबूकडे बघितलं. इतकी वर्षं त्या टेबलावर सगळ्यांनी त्याच्याकडे जसं बघितलं होतं, अगदी तसंच.

"तुम्ही कोणाची वाट बघताय?" त्याने विचारलं.

बोटं खाली आली. "अं? खा ना रे, गार होतंय," आई म्हणाली आणि डाव त्याच्या पानात रिकामा झाला. लंबू चावायला लागला.

दादा उठला, रेडिओचा हात धरून तिला आत स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि आधी नळ सोडला. धो धो.

"बाईंनी मला विचारलं, तो गेला का? मी म्हटलं गेला. कुठे गेला ते त्यांनी विचारलं नाही."

"दादा, काहीतरी बोलू नकोस."

"ऐक. तो बोलणार आहे, पण गोंधळात बोलत नाही. सगळे गप्प झाले की बोलेन, असा थांबलाय. मला ते कळायचं. सांगता यायचं नाही. बोट मी वर करायचो नाही, ते व्हायचं. आणि तुम्ही सगळे किती प्रेमाने गप्प बसायचात माझ्यासाठी!" दादा हसला, पण हात गार होता. "त्याला तेच हवं होतं. दर वेळी मला वाटायचं, आज बोलणार. आणि मग टेबलाखालून तुझा हत्ती सुरू व्हायचा."

रेडिओला बोलायला काही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा.

"बोल," दादा म्हणाला. "काहीही. प्लीज."

"तो... तो बोलला तर काय होईल?"

"मला नाही माहीत गं. मी फक्त त्याला श्वास घेताना ऐकलंय."

बाहेरून आईची हाक आली, "काय खलबतं चाललीत रे? नळ बंद करा, पाणी वाया जातंय!" तिचा आवाज ऐकून दोघांना इतकं बरं वाटलं की दोघंही एकदमच ओरडली, "आलो!"

६

सोमवारी दुपारी समितीची खोली गच्च भरली. गुळगुळीत टेबल, पाण्याच्या बाटल्या, समितीची माणसं. औषध घेतलेला पहिला रुग्ण म्हणून दादालाही बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून तो दाराजवळच्या खुर्चीत बसला होता.

रेडिओने ठरवलंच होतं. थांबायचंच नाही. श्वाससुद्धा वाक्याच्या मध्ये घ्यायचा, शेवटी नाही. डॉक्टरबाईंनी 'फरक आढळला नाही' म्हणताच ती उठली आणि सुरू झाली. लंबू, सुई, टेबल, बूट आले जीव घरी राहिला... लोक हसले. हसू देत. हसणं म्हणजे आवाजच. तिने प्लेट दिव्याखाली धरून फिरवली, पिवळी ओळ दाखवली, स्वच्छ ओळ दाखवली, दादाचा एकुलता एक खळगा दाखवला. समितीचे म्हातारे अध्यक्ष पुढे वाकले. "मग पोरी, खरं शून्य कुठंय?" त्यांनी विचारलं.

"तेच तर म्हणतेय सर! शून्यच नाही! निरोगी म्हणून ज्याचं ज्याचं रक्त घेतलं तो प्रत्येक..."

आणि तिला दिसलं, अध्यक्षांचं बोट वर जातंय. शेजारच्या बाईंचं. डॉक्टरबाईंचं. लंबूचं. एकेक करत, कसलीही घाई नाही, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलांसारखं. सगळ्या माना डावीकडे. वरचा पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज कुठे गेला? खिडकीखालचा रस्ता, हॉर्न, कुत्री?

ती बोलतच होती. निदान तिला तसं वाटत होतं. ओठ हलत होते. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला आपलाच उजवा हात दिसतोय. डोळ्यासमोर. बोट वर.

मागे, अगदी जवळ, कोणीतरी घसा खाकरला.

धाडकन आवाज झाला. दादाने खुर्ची उचलून जमिनीवर आपटली होती. परत आपटली. मग बेसूर, घोगऱ्या आवाजात लहानपणीचं एक गाणं म्हणायला लागला, टेबलावर ठेका धरून. पंख्याचा आवाज परत आला. हॉर्न परत आले. लोक दचकले, हसले, कोणी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"अजून जरा अस्वस्थ आहे, नाही का," अध्यक्ष मायेने म्हणाले. मग कागद उचलला. "हं, काय म्हणत होतो आपण? फरक आढळला नाही. औषध बंद. सगळ्यांचे आभार."

डॉक्टरबाईंनी हसून मान डोलावली. प्लेट टेबलावरच पडून होती. सफाईच्या मावशींनी ती बाकीच्या कचऱ्यात टाकली, गुणगुणत.

७

दोघं चालतच घरी निघाली. दादाला वॉर्डात परत न्यायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. ऊन छान होतं. रस्त्यावर दुकानं उघडी, फुलवाला पाणी मारतोय, एक बाई पोराला आइस्क्रीम पुसायला लावतेय.

"औषध किती दिवसांचं उरलंय?" रेडिओने विचारलं.

"पुरेल तोवर पुरेल. तू बोल."

ती बोलली. बुटांबद्दल, अध्यक्षांच्या कानातल्या केसांबद्दल, लंबूला मुलगी बघायला गेले तर दार कोणत्या उंचीचं हवं त्याबद्दल. दादा मोठमोठ्याने हसत होता, मुद्दाम, आणि मग खरंच. पुलापर्यंत मजा आली. पुलावर तिचं एक वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"...आणि मग आई म्हणाली..."

"काय म्हणाली?"

रेडिओ उभी होती. चेहरा प्रसन्न. बोट वर.

"रेडिओ?"

पुलाच्या टोकाला बसस्टॉप होता. रांगेतल्या सगळ्यांची बोटं वर होती. बसचा ड्रायव्हर दार उघडं ठेवून बसलेला, एक हात चाकावर. मागे रस्त्यावर फुलवाल्याच्या पाइपमधून पाणी पडत होतं आणि त्याचा आवाज होत नव्हता. आइस्क्रीमवालं पोर हनुवटी ओली ठेवून डावीकडे कललेलं.

दादाने बहिणीचा हात घट्ट धरला. तिने कितीतरी वर्षं त्याच्यासाठी केलं होतं तेच आता त्याने सुरू केलं.

"एक हत्ती होता," तो रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. "तो न्हाव्याकडे गेला. न्हावी म्हणाला, साहेब, केस तर कुठे दिसत नाहीत. हत्ती म्हणाला, शेपटीला आहेत की! न्हावी म्हणाला, मग खुर्चीत उलटे बसा. हत्ती उलटा बसला. खुर्ची मोडली. दुसरी आणली, तीही मोडली. न्हाव्याची बायको म्हणाली, अहो, पाहुण्याला जमिनीवर बसवा..."

त्याला सगळी गोष्ट पाठ होती. तिने रचलेला प्रत्येक प्रसंग, आणि जिथे तिचं संपत होतं तिथे तो नवीन घालत होता. एवढ्या लोकांत बोलणारा तो एकटा. त्याच्या आवाजाच्या कडेने हळूहळू पाण्याची धार ऐकू यायला लागली, मग बसचं इंजिन. रेडिओचं बोट थोडं थरथरलं, खाली यायला लागलं. तिचे डोळे त्याच्याकडे वळले.

"येतेयस ना? ये. शेवट सांगतो. मला शेवट सुचलाय! मग ना, हत्ती आरशात बघतो, न्हाव्याकडे वळतो आणि म्हणतो..."

आणि दादाला ठसका लागला.

साधाच ठसका. घसा कोरडा पडला होता बिचाऱ्याचा, इतकं बोलून. त्याने छातीवर हात दाबला, मान हलवली, एवढंच, एवढ्याशा वेळात.

पाणी गप्प झालं. इंजिन गप्प झालं.

त्यांच्या दोघांच्या मध्ये, जिथे कोणीच उभं नव्हतं, कोणीतरी अदबीने घसा खाकरला. आणि ह्या वेळी नुसता खाकरून थांबला नाही. त्याने सावकाश, भरपूर, एक श्वास घेतला.